‘टाकणं’ हे क्रियापद बाजूला ठेवून

पत्र

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील काढून सारांश देत आहे.)

माझी आई ८१ वर्षांची आहे. नऊ वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं, तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. गेलं दीड वर्ष ती मला ‘ताई’ म्हणते. मी तिची मोठी बहीण आहे असं तिला वाटतं. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आदल्या दिवसापर्यंत ती हात धरून चालत होती, भरवलं की जेवत होती, मधूनच हसत होती. हॉस्पिटलात तिसऱ्या दिवसापासून सगळं बिनसलं. रात्री ओरडायला लागली, सलाइन उपटलं, एका रात्री तिचे हात पलंगाला बांधलेले मी पाहिले. आता उलट दिवसभर गुंगीत असते, घास तोंडात तसाच धरून ठेवते. डॉक्टर म्हणतात, आमचं काम झालं, चार दिवसांत घेऊन जा. पण घरी जमणार नाही, चोवीस तास देखभाल असलेली संस्था बघा. मी ५६ वर्षांची, नोकरी करते. नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं आहे. झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर. दूर राहणारा भाऊ फोनवर म्हणाला, “म्हणजे आईला आश्रमात टाकणार तू?” निदान झालं त्या वर्षी आईने माझा हात धरून सांगितलं होतं, मला कुठे टाकू नकोस. मी हो म्हणाले होते. चार दिवसांत मी काय ठरवू? आणि एक खुळा प्रश्न: गाडीत तिने ‘कुठे चाललोय’ विचारलं तर काय सांगू?

उत्तर

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी एका शब्दाखाली रेघ मारली. भाऊ म्हणाला ‘टाकणार’, आई म्हणाली होती ‘टाकू नकोस’. हा शब्द मोठा विचित्र आहे. मुलाला शाळेत ‘टाकलं’ म्हणतो तेव्हा कुणाला काही खटकत नाही, कारण संध्याकाळी आपण त्याला आणायला जाणार हे गृहीत असतं. आईबापांच्या बाबतीत तोच शब्द काळजात घुसतो, कारण तिथे परत जाणं गृहीत नसतं. शब्द एकच, फरक फक्त मागे वळून जाण्याचा. तुमच्या वचनाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं या फरकात आहे, पण त्याकडे नंतर येते. चार दिवसांची घाई आहे, म्हणून आधी हॉस्पिटल.

तुम्ही, डॉक्टर आणि भाऊ, तिघंही एक गोष्ट धरून चालला आहात: पलंगावर गुंगीत पडलेली ही बाई म्हणजेच यापुढची आई. मला तसं वाटत नाही. निदान इतक्या लवकर तसं मानू नये. तीन आठवड्यांपूर्वी हात धरून चालणारं माणूस तीन दिवसांत असं होतं, तेव्हा तो नुसता डिमेन्शिया नसतो. डिमेन्शिया महिन्या-वर्षांच्या चालीने उतरत जातो. तासा-दिवसांत बिनसतं त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. मेंदूवर अचानक आलेला गोंधळ. ऑपरेशन, भूल, दुखणं, लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, शरीरात पाणी कमी पडणं, कोंडलेली लघवी, आठवडाभर शौचाला न होणं, नवी औषधं, अनोळखी जागा, सापडत नसलेला चष्मा, यांतलं काहीही त्याला पुरतं. बहुतेक वेळा दोन-तीन गोष्टी एकत्र येतात. मुळात डिमेन्शिया असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो फार चटकन होतो. आणि त्याचे दोन चेहरे असतात. ओरडणारा, सलाइन उपटणारा चेहरा सगळ्यांना दिसतो. दुसरा गप्प, पेंगणारा, तो सुटून जातो, कारण गप्प पेशंटबद्दल वॉर्डात कुणाची तक्रार नसते. तुमच्या पत्रात दोन्ही चेहरे आहेत.

हात बांधल्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात. मी थोडं थांबते. अपुऱ्या माणसांच्या वॉर्डात रात्री दोन वाजता ते का घडतं हे समजतं, पण त्याने डिलिरियम वाढतो हेही तितकंच खरं. लघवीची नळीही तो वाढवते. तुम्ही तिथे होतात आणि थांबवलं नाहीत, याचं ओझं बहुधा तुमच्या मनावर आहे. ते खाली ठेवा आणि उद्या वॉर्डात जाऊन काही प्रश्न विचारा. ही गुंगी डिलिरियम असू शकते का, आणि त्याची कारणं शोधली आहेत का? लघवीची नळी अजून का आहे, ती कधी काढणार? शौचाला शेवटची कधी झाली? रात्री शांत राहण्यासाठी कुठलं औषध सुरू केलं, ते अजून चालू आहे का, आणि ते कोण, कधी कमी करणार? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. हॉस्पिटलात चार रात्रींपुरतं सुरू झालेलं औषध डिस्चार्जच्या कागदावर चढतं आणि पुढे वर्षभर कुणी त्याला हात लावत नाही. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये अँटिसायकॉटिक (भ्रम, उद्रेक आवरायला देतात त्या) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे. याचा अर्थ ती कधीच द्यायची नाहीत असा नाही. भीतीने थरथरणाऱ्या माणसाला काही दिवस ती लागू शकतात. पण कशासाठी आणि कधीपर्यंत, हे कागदावर हवं. आणि हे वाचून तुम्ही स्वतःहून एखादी गोळी बंद करू नका.

दुखण्याचंही विचारा. खुब्याचं ऑपरेशन झालेलं तरुण माणूस दिवसातून चार वेळा ‘दुखतंय’ म्हणतं. तुमची आई म्हणू शकत नाही. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्यासाठी २००३ साली एक साधी मोजपट्टी तयार झाली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात: श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, अंगाची ठेवण, आणि जवळ घेतल्यावर माणूस शांत होतं की नाही. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. हे नर्सच करू शकतात असं नाही. तिचा चेहरा नऊ वर्षं रोज पाहिलेल्या तुम्हाला ते जास्त चांगलं जमेल. कूस बदलताना कपाळावर आठ्या येत असतील तर ते डॉक्टरांना सांगा, आणि ‘मागेल तेव्हा’ ऐवजी वेळेवर वेदनाशामक देता येईल का ते विचारा. न मागणाऱ्या पेशंटसाठी ‘मागेल तेव्हा’ म्हणजे कधीच नाही.

हे सगळं केल्यावर आई पूर्वीसारखी होईल का? थोडी सावरेल, अशी आशा धरायला जागा आहे. डिलिरियम ओसरायला कधी आठवडे, कधी महिने जातात, आणि बऱ्याचदा माणूस आधीच्या पायरीपेक्षा एक पायरी खालीच थांबतं. म्हणून मी असं म्हणेन: चार दिवसांत ‘कायमचं’ काहीही ठरवू नका. डॉक्टरांनी तुमच्यापुढे जो प्रश्न ठेवलाय तो ‘हॉस्पिटलातून कुठे’ हा आहे. तुम्ही त्याला ‘आई मरेपर्यंत कुठे’ असा करून घेतलात. सहा ते आठ आठवड्यांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी कुठली संस्था घेते का ते बघा, आणि तोवर घरातली तिची खोली मोडू नका. चार दिवस कमी पडत असतील तर ते मागून वाढवून घ्या. ‘घरी सोय नाही, अशा अवस्थेत नेणं सुरक्षित नाही’ हे शांतपणे आणि शक्यतो लेखी सांगितलं, की बऱ्याच ठिकाणी दोन-चार दिवस मिळतात. मोठ्या हॉस्पिटलात समाजसेवा विभाग असतो; त्याचं दार कुणी आपण होऊन दाखवत नाही, विचारावं लागतं.

तरी आठ आठवड्यांनीही प्रश्न शिल्लक राहणार आहेच. म्हणून घराचा हिशोब आताच करू. तुम्ही विचारताय ‘घर की संस्था’. माझ्या मते खरा प्रश्न असा आहे: रात्री तीनला कोण उठणार? आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला चाळीस तास काम करतं असं धरलं, तर एका माणसाची चोवीस तास देखभाल करायला चारहून जास्त माणसं लागतात. सुट्ट्या, आजारपणं धरली तर पाच. शिवाय उभं राहता न येणाऱ्या माणसाला उचलून खुर्चीत बसवायला एका वेळी दोघं लागतात. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. आता आठवड्याच्या या तासांचा एक तक्ता आखा आणि त्याच्या चौकोनांत नावं भरा. तुमचं नाव किती चौकोनांत येतं ते मोजा. नवऱ्याचं नाव उचलण्याच्या चौकोनात लिहू नका. भावाचं नाव कुठे येतं तेही बघा.

पगारी माणसं ठेवून पाच नावं भरता येत असतील, खालच्या मजल्यावर पलंग लागत असेल आणि हे दोन-तीन वर्षं निभावण्याइतके पैसे असतील, तर घर हा पर्याय खराच आहे, आणि डॉक्टर म्हणाले म्हणून तो सोडू नका. पण तक्त्यात सगळीकडे तुमचंच नाव येत असेल, तर ज्याला तुम्ही ‘घरी ठेवणं’ म्हणताय ते म्हणजे एका दमलेल्या बाईची एकटीने चालवलेली, रात्रपाळीला माणूस नसलेली संस्था. अशा संस्थेत तुम्ही आईला प्रवेश घेतला असता का?

आता वचन. निदानाच्या वर्षी तुमच्या आईने काय मागितलं होतं? तेव्हा ती चालत होती, बोलत होती, घाबरलेली होती. खुब्यात स्क्रू, लघवीची नळी, गिळायला त्रास, हे तिच्या डोळ्यांपुढे नव्हतं, तुमच्याही नव्हतं. तिला भीती होती ती कुणी मागे वळून न बघण्याची. तुम्ही ‘हो’ म्हणालात ते त्या भीतीला. ते वचन तुम्ही नऊ वर्षं पाळलंय आणि संस्थेच्या फाटकापाशी ते मोडत नाही. ते मोडेल तुम्ही जायचं थांबवलंत तर. उलटही खरं आहे: घरात ठेवूनही माणसाला टाकता येतं. मागच्या खोलीत, दार लोटून, दिवसातून तीनदा ताट सरकवून. असली पत्रंही या सदराकडे येतात, फक्त ती मुलं लिहीत नाहीत, शेजारी लिहितात.

‘पण तिला कळेल, की आपल्याला घरातून काढलं’ हे तुम्ही पत्रात दोन ठिकाणी लिहिलं होतं. कदाचित काही क्षण तसं वाटेल. ती ‘घरी जायचंय’ म्हणेल, आणि तुमच्या पोटात कालवेल. पण या आजारातली माणसं स्वतःच्या चाळीस वर्षांच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसूनही ‘घरी जायचंय’ म्हणतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. ते घर पत्त्यावर नसतं. त्याचा अर्थ बहुधा ‘मला इथे बरं वाटत नाहीये’ एवढाच असतो. कधी दुखत असतं, कधी लघवीला लागलेली असते, कधी संध्याकाळ झालेली असते. ‘अगं, आता हेच तुझं घर’ असं समजावू नका. ‘घरची आठवण येतेय का?’ एवढं विचारा आणि जवळ बसा.

ती तुम्हाला ताई म्हणते, मुलगी म्हणून ओळखत नाही, मग भेटून काय उपयोग, असं लोक तुम्हाला सांगतील. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमर हा डिमेन्शियाचा प्रकार असलेल्या १७ जणांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले. थोड्याच वेळात काय पाहिलं ते त्यांच्या फारसं लक्षात राहिलं नाही. मनात उमटलेली भावना मात्र राहिली, आठवण गेल्यानंतरही. तुमची भेट आई विसरेल. भेटीनंतरची दुपार बहुधा जरा बरी जाईल. शिवाय, मोठी बहीण म्हणून ओळखली जाणं म्हणजे काही न ओळखणं नव्हे. जिच्या आधाराने ती लहानाची मोठी झाली, त्या माणसाच्या जागी तिने तुम्हाला बसवलंय.

आता जरा कठीण भाग. भावाशी बोलायच्या आधी तो तुम्हालाच नीट माहीत असायला हवा. प्रगत डिमेन्शिया हा शेवटाकडे नेणारा आजार आहे, आणि घरच्यांना हे कुणी स्पष्ट सांगत नाही. वॉर्डात हाडाबद्दल बोलतात, रक्ताच्या रिपोर्टबद्दल बोलतात. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला होता. निवासी केंद्रांतल्या प्रगत डिमेन्शियाच्या ३२३ जणांना १८ महिने पाहिलं गेलं. त्या काळात निम्म्याहून जास्त गेले आणि सुमारे ८६ टक्क्यांना खाण्या-गिळण्याचा त्रास झाला. म्हणजे त्रास हा अपघात नव्हता, कुणाची हयगयही नव्हती; आजाराची वाटच ती होती. पण हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवा. ते लोक जवळच्यांना ओळखत नव्हते, जेमतेम चार-दोन शब्द बोलत आणि चालू शकत नव्हते. तुमची आई पडायच्या आदल्या दिवशी चालत होती. ती नेमकी कुठल्या पायरीवर आहे, हे डिलिरियम ओसरल्याशिवाय कळणार नाही, म्हणूनच मी घाई नको म्हणतेय. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. पुढे काय येणार हे ज्यांच्या घरच्यांना नीट समजलेलं होतं, त्यांच्या वाट्याला शेवटच्या तीन महिन्यांत नळ्या, सुया, हॉस्पिटलच्या फेऱ्या बऱ्याच कमी आल्या.

घास तोंडात धरून ठेवते म्हणालात, म्हणजे नाकातून किंवा पोटात नळी घालण्याचा विषय निघेल. कदाचित काढलाही असेल. गुंगी उतरेपर्यंतचे काही दिवस, हा वेगळा प्रश्न आहे, त्यावर डॉक्टरांचं ऐका. पण कायमची नळी म्हटल्यावर थांबा. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांवर उपचार करणाऱ्यांच्या संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की प्रगत डिमेन्शियात नळीने भरवू नये, हाताने जपून भरवावं. नळीने आयुष्य वाढत नाही आणि छातीत अन्न जाऊन होणारा न्यूमोनियाही टळत नाही. जपून भरवणं म्हणजे ताठ बसवून, पूर्ण जागी असतानाच, लहान चमच्याने, आधीचा घास गिळल्याची खात्री करून, आणि नंतर अर्धा तास तसंच बसवून. गिळणं तपासणारा स्पीच थेरपिस्ट हॉस्पिटलात असेल तर डिस्चार्जच्या आधी त्याला बोलवा. ‘उपाशी मारणार का’ असं म्हणणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याच्या हातात चमचा द्यावा.

भावाबद्दल. तो दूर आहे, त्याच्या मनातली आई अजून तीन वर्षांपूर्वीची असेल, आणि अपराधीपणा दूरच्या माणसाला नेहमी मोठ्या आवाजात बोलायला लावतो. त्याच्याशी ‘टाकणं’ या शब्दावर भांडू नका. त्याला तो चौकोनांचा तक्ता पाठवा आणि कुठले चौकोन तो भरणार ते विचारा. पैशाने भरणार असेल तरी चालेल, पण आकडा आणि तारीख हवी. डॉक्टरांशी बोलणं होईल तेव्हा त्याला फोनवर घ्या, म्हणजे वाईट बातमी तुमच्या तोंडून जाणार नाही. आणि कागदांचं आजच बघा. आईच्या वतीने सही करायचा, तिच्या खात्यातून पैसे काढायचा कायदेशीर अधिकार कुणाकडे आहे? कायदे जागोजागी वेगळे आहेत, पण ‘आम्ही तिची मुलं आहोत’ एवढं बहुतेक ठिकाणी पुरत नाही. हे काम वकिलाचं आहे आणि ते आठवड्यात होत नाही.

संस्था बघायला जाल तेव्हा सकाळी अकराला, फोन करून जाऊ नका. त्या वेळी सगळ्याच जागा छान दिसतात. एकदा संध्याकाळी सहा-सातला जा. दिवस कलताना या आजारात अस्वस्थता वाढते, आणि बऱ्याचदा तेव्हाच पाळी बदलते. व्हरांड्यात उभं राहून दहा मिनिटं फक्त ऐका. कुणी हाक मारली तर किती वेळाने कुणी येतं? बोलतात कसं, माणसाशी की माणसाच्या डोक्यावरून एकमेकांशी? वास येणं वाईट नाही, माणसं आहेत; तोच वास तासाभराने तिथेच असणं वाईट. मालकाशी कमी बोला, भरवणाऱ्या बाईशी जास्त. तिला विचारा, इथे किती दिवस झाले. माणसं टिकत नसतील तर बाकी माहितीपत्रकाला अर्थ नाही.

मग थोडे अवघड प्रश्न. रात्री किती जणांमागे किती माणसं जागी असतात, झोपलेली नव्हे? अंघोळीला कुणी नाही म्हणालं तर काय करता? ‘करतोच आम्ही बरोबर’ हे वाईट उत्तर. ‘सोडून देतो, तासाने दुसरी बाई विचारते’ हे चांगलं. बांधून ठेवता का? कठडे लावता का? (कठड्यांवरून चढून पडणारी माणसं जास्त उंचावरून पडतात, म्हणून ते वाटतात तितके सुरक्षित नसतात.) ताप आला, खाणं थांबलं, शेवट जवळ आला, तर इथेच सांभाळता की गाडी बोलावून हॉस्पिटलात धाडता? आणि सगळ्यात उपयोगी: कुठला पेशंट तुम्ही ठेवू शकत नाही? ‘आम्ही सगळे ठेवतो’ म्हणणाऱ्यांपासून जरा सावध. पैशांचं बोलताना महिन्याच्या आकड्यात काय धरलेलं नाही ते लिहून घ्या. डायपर, औषधं, मलमपट्टी, डॉक्टरची भेट बऱ्याचदा वेगळी असते.

मिळेल ती जागा मनासारखी नसेलच. मी दोन गोष्टींवर अडून बसेन, रात्रीची माणसं आणि बोलण्याची पद्धत. बाकी भिंतींचा रंग, बाग, टीव्हीचा हॉल हे आपल्या समाधानासाठी असतं.

न्यायच्या दिवशी सकाळीच निघा. संध्याकाळी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी नेलंत तर तिला ओळखणारं, निर्णय घेणारं कुणी तिथे नसेल. निघण्याआधी औषधांच्या दोन याद्या शेजारी ठेवा, पडायच्या आधीची आणि आत्ताची. जे नवीन आहे त्याचं कारण विचारा, जे गायब झालंय त्याचंही. पाठ, टाचा, खुबा यांवर जखम असेल तर नर्ससमोर बघून डिस्चार्जच्या कागदात नोंदवून घ्या, नाहीतर ती कुठे झाली यावरून पुढे दोन्हीकडे हात वर होतात. एका पानावर आईबद्दल लिहा, मोठ्या अक्षरात, आणि पलंगाजवळ लावा: कुठल्या नावाने हाक मारली की ती वळते, कुठल्या कुशीवर झोपते, कुठल्या कानाने ऐकू येतं, दुखलं की चेहरा कसा करते, कशाची भीती वाटते, तरुणपणी काय काम करायची. मला ताई म्हणते, हेही लिहा. नाहीतर तिथली एखादी चांगली बाई ‘ताई नाही हो, मुलगी आहे ही तुमची’ म्हणून रोज तिची चूक सुधारत बसेल. तिची रोजची चादर न धुता न्या. ओळखीचा वास नव्या चादरीला नसतो.

‘पहिले पंधरा दिवस येऊ नका, तिला रुळू द्या’ असं काही संस्था सांगतात. मला हे पटत नाही. शाळेत पहिल्यांदा आलेल्या मुलाचा न्याय इथे लावता येत नाही. पंधरा दिवसांनी ते मूल आईला ओळखतं. तुम्ही जा. पण चार तास बसून ढसाढसा रडून निघण्यापेक्षा अर्धा तास, जेवणाच्या वेळी, आठवड्यातून चार-पाच वेळा. भरवायला गेलात की किती खाते ते तुम्हाला कळतं, आणि तिच्याकडे कुणी येतं हे तिथल्या माणसांनाही कळतं. निघताना निरोपाचा सोहळा नको. जेवण समोर आलं की ‘आलेच’ म्हणून उठा. सहा आठवड्यांनी संस्थेच्या माणसांबरोबर बसा आणि पाहा: गुंगी उतरली का, वजन किती, झोपेची गोळी कमी झाली का, फिजिओथेरपिस्टने उभं केलं का. तेव्हा घराचा तक्ता पुन्हा काढा. उत्तर बदललेलं असू शकतं, दोन्ही दिशांनी.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. ती संस्थेत गेल्यानंतर पहिल्या रात्री तुम्ही सलग सात तास झोपाल, आणि सकाळी स्वतःचाच राग येईल. नऊ वर्षांचा शीण आहे तो. त्याचा आणि आईवरच्या मायेचा काही संबंध नाही.

राहिला तुमचा खुळा प्रश्न. खुळा नाही तो. सगळ्या पत्रात हा एकच प्रश्न तुम्ही आईच्या बाजूने विचारलाय. गाडीत तिच्या ज्या कानाने ऐकू येतं त्या बाजूला बसा. ‘कुठे चाललोय’ विचारलं तर ‘घरी’ म्हणू नका. घर न दिसल्यावर जी घालमेल होईल ती तुम्हाला निस्तरता येणार नाही. संस्था, करार, आठ आठवडे, हेही नको. ते तिच्यापर्यंत पोचणार नाही, फक्त तुमच्या आवाजातला ताण पोचेल. ‘तुझा पाय बरा करायला चाललोय, मी आहे बरोबर’ एवढं म्हणा. ते खरं आहे. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच, त्याच सुरात. ताई म्हणाली तर ताईच्या आवाजात. आणि तिचा चष्मा, कवळी, कानाचं यंत्र सामानाच्या बॅगेत भरू नका, तुमच्या पर्समध्ये ठेवा. हॉस्पिटल ते संस्था या प्रवासात नेमक्या याच तीन वस्तू हरवतात.